उजवी चप्पल

सभापती असताना माझी जी शोभा झाली, ती मीच सांगितलेली बरी.

माझ्या वीस वर्षांच्या मोटारसायकलीचं मायलेज पस्तिसावर आलं होतं. दस्तगीर मिस्त्रींनी तीनदा ट्यूनिंग केलं, तरी फरक पडेना. शेवटी भर बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या गॅरेजवर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "मिस्त्री, काम येत नसेल तर पाटी उतरवा."

मिस्त्रींनी हात पुसले. टाकीची नळी काढून तिथं शंभर मिली पेट्रोलची बाटली जोडली.

"फाटा इथून तीन किलोमीटर. जाऊन या, साहेब. फक्त उजवी चप्पल इथं ठेवून जा."

लोक हसले. म्हातारा नाटक करतोय, असं मला वाटलं. मी तसाच निघालो. ब्रेकच्या दांडीचे लोखंडी दाते उघड्या तळव्याला टोचू लागले, तसा मी पाय बाजूला घेतला.

पस्तिसाच्या हिशेबानं गाडी फाट्यावरून वळल्यावर लगेच बंद पडायला हवी होती. ती गॅरेजच्या दारापर्यंत आली, आणि बाटलीत अजून घोटभर पेट्रोल होतं.

मिस्त्रींनी माझी चप्पल लोकांसमोर उलटी धरली. तळाला आडवी खाच पडली होती, ब्रेकच्या दांडीएवढी.

"गाडी ब्रेक दाबूनच पळत होती, साहेब. पाय काढा म्हणालो असतो, तर ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. चप्पल हातात घेऊन मी चालतच घरी गेलो. त्या गाडीवर बसायचा धीर झाला नाही.