गालिच्याखालचा गंज

एकदा एका विमानदुरुस्तीच्या कारखान्यात ग्राहक सांभाळण्याचे काम यामिनी नावाच्या तरुणीकडे आले. मोठे अवघड काम हो! विमान बरे करतो कारागीर, आणि बोलणी खातो ग्राहकाला तोंड देणारा. तिला हे काम शिकवणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांना सारे अप्पा म्हणत.

तीन वर्षे मिनतवाऱ्या करून यामिनीने तीन लहान विमानांचे मालक बोथराशेठ यांना जोडले होते. त्यांचे पहिलेच विमान आत आले आणि तपासणीत प्रवाशांच्या पायांखालची एक तुळई गंजलेली निघाली. नवी यायला महिना लागणार होता. पण ते सांगायला यामिनीची जीभ रेटेना. "होतंय शेठजी, गुरुवारी घेऊन जा," असेच ती रोज म्हणत राहिली.

गुरुवारी शेठजी खरोखरच निघाले, तशी तिची पाचावर धारण बसली. तिने घाईघाईने तळाच्या फळ्या जागेवर ठेववल्या, वर गालिचा अंथरला. विमान तयार आहे, कागदांवरची एखादी सही तेवढी राहिली आहे असे सांगून आठवडा काढायचा, असा तिचा बेत होता.

इतक्यात अप्पा आले. ते गुडघ्यांवर बसले आणि गालिचा गुंडाळून फळ्या उचलू लागले.

"अप्पा, अहो काय करताय? शेठजी खाली गाडीतून उतरलेत!"

विमान ताब्यात घेताना पुढच्या चाकासमोर फोडायला शेठजींनी नारळ आणला होता. ते विमानात चढताच अप्पांनी त्यांना वाकायला लावले आणि त्यांचे बोट तुळईवर ठेवले. बोटाला पांढरी भुकटी लागली; विमानाच्या धातूचा गंज असा पांढराच असतो.

"महिना लागेल, शेठजी. आजवर सांगितलं ते खरं नव्हतं."

शेठजींनी बोट रुमालाला पुसले. "बाई, रोज विचारत होतो ना मी? हे एवढं करून द्या. बाकीची दोन इथे येणार नाहीत." आणि ते गेले.

यामिनीला रडू कोसळले. "घालवलंत ना! आता मला कोण ठेवणार इथे?"

"कदाचित कोणीच नाही," अप्पा म्हणाले. "खोटा धीर कशाला देऊ? पण पोरी, फळ्या बसल्या की आत काय आहे ते ग्राहकाला कधीच दिसत नाही. तो आपल्या शब्दावर माणसं बसवतो आणि आकाशात पाठवतो. तारखेचं खोटं निघालं, मग उद्या 'तुळई बदलली' म्हणशील ते त्याने कशावरून मानावं? तो आज गेला नाही. तुझ्या पहिल्या 'होतंय'लाच गेला होता. तुला आज कळलं, इतकंच."

नारळ एका खुर्चीवर तसाच राहिला होता. यामिनी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग तिने आपल्या दुसऱ्या, आणि आता एकुलत्या उरलेल्या ग्राहकाला फोन लावला.

"सर, शनिवारी विमान मिळणार नाही. परवा मी तुमच्याशी खोटं बोलले."

पलीकडून कोणीच बोलेना. तिने फोन ठेवला नाही.