पाचव्या पेनल्टीला

"चौघांचं मला ठाऊक हाय, वस्ताद. पाचवा कुठं मारंल, तेवढं सांगा."

इंद्रजित सरनोबत हातमोज्यांचे पट्टे आवळत होता. जादा वेळही संपली होती आणि गोलफलक एक-एकवर अडून बसला होता. आता पेनल्ट्या. जिंकलं तर गळ्यात कांस्यपदक, हरलं तर हात हलवत घरी.

दस्तगीर मुजावर पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होते.

संघातले बाकीचे त्यांना 'सर' म्हणत. गोलरक्षकांना शिकवायला ते संघाबरोबर आले होते. एकटा इंद्रजित त्यांना वस्ताद म्हणायचा, कारण कोल्हापुरात तालमीमागच्या तांबड्या मातीच्या मैदानावर त्यांनीच त्याला पोरवयात गोलात आणलं होतं.

"बघा की वस्ताद. त्यांच्या चौघांचे सगळे व्हिडिओ मी घोटून पाठ केल्यात. ह्या पाचव्यानं आजवर पेनल्टीच मारल्याली न्हाई. त्याचा काय अंदाज?"

"पाणी पी."

तो पाणी प्याला.

ह्या स्पर्धेत पोराचं नाव गाजलं होतं. पेनल्टीआधी तो पैलवानासारखा मांडीवर शड्डू ठोकायचा आणि मग अशी उडी घ्यायचा, की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. उपांत्यपूर्व सामन्यातली त्याची उडी तर घराघरांतल्या फोनांवर जाऊन पोचली होती. क्रीडाग्रामातल्या भोजनगृहात तो ताट घेऊन निघाला, की परदेशी जलतरणपटू आणि भालाफेकवालेही हसत मांडीवर थाप मारायचे. भाषा कळत नव्हती, शड्डू कळत होता. पोरगं जमिनीवर नव्हतंच म्हणा ना. आणि त्या वयात एवढं कौतुक झाल्यावर कुणाचे पाय जमिनीवर राहतात?

फक्त वस्तादांनी त्याची पाठ कधी थोपटली नव्हती. ना तालमीत, ना परदेशात. इंद्रजितला पदक हवं होतंच, पण खरं सांगायचं तर पाठीवर तो एक हात त्याहून जास्त हवा होता.

पंचांनी शिट्टी वाजवून गोलरक्षकांना बोलावलं.

"वस्ताद... पाचवा?"

"पाचव्याला उभा ऱ्हा."

"उभा? म्हंजी?"

"म्हंजी उभा. हलू नगं."

इंद्रजितला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. त्याने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती.

"आन् त्यानं कोपऱ्यात मारला तर?"

वस्तादांनी बाटलीचं झाकण लावलं.

"वस्ताद, सारं जग बघतंय. हातपाय न हलवता गोल खाल्ला तर लोकं बुजगावणं म्हणतील मला."

"म्हणू देत. पाखरं बुजगावण्यालाच भित्यात."

"पर उडी मारून गोल झाला तर निदान..."

"निदान काय?"

निदान उडी तरी दिसेल, असं इंद्रजित म्हणणार होता.

त्याचा हात सवयीने मांडीकडे निघाला. वस्तादांनी त्याचे दोन्ही हात मनगटाशी धरले आणि अलगद खाली सोडले. मग ते बाकावर जाऊन बसले.

पेनल्ट्या सुरू झाल्या. पहिली आपली, गोल.

इंद्रजित गोलात आला. त्याने शड्डू ठोकला, आणि अर्ध्या मैदानाने आपापल्या मांडीवर थाप मारून त्याला साथ दिली. अंगावर काटा आला त्याच्या. त्याने बरोबर उजवीकडे झेप घेतली. चेंडू बोटांच्या पुढून आत गेला.

आपला दुसरा गोल. पुन्हा शड्डू, पुन्हा झेप. ह्या वेळी चेंडू बोटांना लागला, खांबाला लागला आणि आत गेला. लोक बसायचं विसरले.

तिसऱ्या वेळी दिशा चुकली. चौथ्या वेळी दिशा बरोबर होती, पण फटका असा जहाल, की हात पोचेपर्यंत जाळं हललं. चारही वेळा गोल झाला होता, तरी लोक त्याच्याच नावाने ओरडत होते. हरतानाही असं दिसायला मिळालं तर कोण नको म्हणेल?

आपल्या पाचव्या खेळाडूने चेंडू गोलाच्या वरच्या दांड्याखाली दणकावला. पाच-चार.

आता एक अडवला, की पदक.

समोरच्या संघाचा पाचवा खेळाडू चेंडू घेऊन आला. कोवळा, ओठ घट्ट मिटलेला. त्याने चेंडू ठेवला, मागे सरकला आणि इंद्रजितकडे पाहिलं. सगळं मैदान शड्डूची वाट बघत होतं.

इंद्रजितचा हात निघाला... आणि थांबला.

मनगटाभोवती वस्तादांची बोटं अजून होती असं त्याला वाटलं. त्याने दोन्ही हात खाली सोडले.

गलका हळूहळू विरला. समोरच्याने पुन्हा एकदा त्याच्याकडे पाहिलं.

पाय उडी मागत होते. शहाण्या, मार उडी, नाहीतर जन्मभर हसतील, असं अंगातला कण न् कण ओरडत होता. समोरचा धावत निघाला. त्याचा पाय मागे गेला...

इंद्रजित उभा राहिला.

चेंडू आला तो सरळ मधोमध. हलकेच खालून उचललेला, तरंगत. उड्यांसाठी गाजलेला हा गोलरक्षक कुठल्यातरी बाजूला झेपावणारच, असा हिशोब करून त्या पोराने रिकाम्या मध्यात चेंडू टाकला होता. पण मध्य रिकामा नव्हता. बाजारातून आणलेलं कलिंगड कुणी हातात द्यावं, तसा चेंडू इंद्रजितच्या हातात आला.

क्षणभर त्याला कळेचना, आता ह्याचं करायचं काय.

मग जे झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. अख्खा संघ त्याच्या अंगावर कोसळला. कुणी रडत होतं, कुणी गवतावर लोळत होतं, कर्णधार त्याच्या डोक्याचे मुके घेत होता. प्रेक्षकांतून शड्डूंचा असा कडकडाट उठला, की कोल्हापुरात खासबागेच्या कुस्ती मैदानातही ऐकू गेला असता.

त्या ढिगाखालून सुटून इंद्रजित थेट बाकाकडे धावला. वस्ताद रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होते.

"वस्ताद, तुमाला कसं कळलं, त्यो मधी मारणार म्हणून?"

"मला कुठं कळलं हुतं?"

इंद्रजितचं हसू चेहऱ्यावरच राहिलं.

"ठाऊक नव्हतं?"

"न्हाई."

"मग..."

वस्ताद पिशवीचा बंद ओढत होते. सगळ्या संघाने थोपटून लाल केलेली पाठ इंद्रजितने नकळत त्यांच्याकडे जराशी वळवली होती. त्यांनी ते पाहिलं. हात पिशवीवरच राहिला.

"आन् कोपऱ्यात गेला असता तर, वस्ताद?"

वस्तादांनी पिशवी खांद्याला लावली.

"तर सारं जग हसलं असतं, आन् मी तुझी पाठ थोपटली असती."