खाणीतली धूळबाई

एकदा काय झालं, एका काळ्या डोंगराखाली तीन वस्त्या होत्या. माळावर धनगर, ओढ्याकाठी कुंभार आणि खाणीच्या तोंडाशी पाथरवट. धनगर नातवाचं लग्न बघून मरायचे. कुंभारही पणतू मांडीवर घेऊन बसायचे. पण पाथरवटाचं लेकरू चालायला लागलं, की बाप खोकायला लागायचा. मग झिजत झिजत जायचा. का, ते कुणालाच कळेना.

त्या वस्तीत सगुणा राहायची. तिचा नवरा रखमाजी जाती-पाटे घडवायचा. एका सकाळी तो खोकला. कोरडा, खर्रखर्र. सगुणाची भाकरी तव्यावरच करपली. त्यांची पोरगी नुकती चालायला लागली होती, बरं का.

"धनी, आज खाणीत नका जाऊ."

"मग खायचं काय? दगड?" तो हसला, आणि हसता हसता पुन्हा खोकला.

मग सगुणा गुपचूप त्याच्या मागं गेली. बाहेर ऊन, पण खाणीत अंधार. रखमाजीनं छिन्नीवर घाव घातला. दगडातून पांढरं काहीतरी उठलं. दुसऱ्या घावाला त्या पांढऱ्यातून डोकं निघालं, हात निघाले. तिसऱ्या घावाला ती उभीच राहिली. पिठासारखी पांढरी बाई! डोळे नाहीत. पावलांचा आवाज नाही. रखमाजीला ती दिसेना. ती हळूच त्याच्या छातीवर चढली आणि नाकातून आत शिरायला लागली. या पोरांनो, जवळ सरका माझ्या.

सगुणा पुढं झाली. म्हणाली, "बाई, माझ्या माणसाला सोड."

"मी कुठं धरलंय? मी दगडात झोपले होते. हाच मला रोज उठवतो. उठले की तहान लागते. मग मी श्वास पिते."

तहान! सगुणा ओढ्याकडं धावली. पहिली घागर आणून बाईवर ओतली. बाई नुसती हसली. दुसरी ओतली. बाई गुडघ्यापर्यंत विरघळली, पण तिनं सगुणाचं मनगट धरलं आणि नाकाशी तोंड आणलं. सगुणानं श्वास रोखला, हात हिसडला, पळाली. तिसरी घागर घेऊन चढताना कानामागं कुणीतरी कोरडं कोरडं फुंकत होतं. तिनं वळून पाहिलं नाही.

खाणीत रखमाजी आडवा पडला होता. बाई त्याच्या तोंडावर वाकलेली. सगुणानं अख्खी घागर उपडी केली. पांढरा चिखल झाला, बाई दिसेनाशी झाली. चिखलातून आवाज आला, "हं. आता झोपते."

तेव्हापासून पाथरवट आधी दगड भिजवायचे, मगच घाव घालायचे. रखमाजीचा खोकला पुरता गेला नाही. जे आत गेलं, ते आतच राहिलं. पण तो जगला. इतका जगला, की पाठीला बाक आला. वस्तीत काठी कुणाकडेच नव्हती, कधी लागलीच नव्हती ना! मग बाभळीची फांदी तोडून पहिली काठी केली, आणि ती टेकत तो कसा चालतो, हे बघायला सगळी वस्ती दारात आली.

मग सगळे सुखानं राहिले. आता मिटा डोळे. सावकाश श्वास घ्या. हं, असा. झोपा.