शेजारचं घर

“बंद दारांचं काय केलंस?” भंतेजींनी विचारलं.

सुकेशनीला हसू आलं. विहाराच्या याच ओट्यावर ती त्यांच्याकडून बाराखडी शिकली होती. आता विद्यापीठात संशोधन करत होती, त्यासाठी इथल्या म्हाताऱ्यांची घरोघर पाहणी करून आली होती, आणि प्रश्न तिला बाळबोध वाटला.

“नियम असतो, भंतेजी. म्हाताऱ्या माणसांची सहाशे घरं, सगळीकडे कोण जाणार? दर पाचवं घर घ्यायचं. दार उघडलं नाही, तर शेजारचं.”

“काय निघालं?”

“एकशेवीसमध्ये फक्त सात जणांना एकटं वाटतं!” तिचा आवाज जरा चढलाच. “म्हाताऱ्यांना घरी भेटायला सरकार एक बाई नेमणार होतं. इथे तिची गरज नाही, असा अहवाल उद्या देतेय.”

भंतेजींनी भिक्षापात्र उचललं.

“चल.”

ते ओळीने जात. एकही घर गाळत नसत. कुणी वाढो न वाढो, प्रत्येक दारासमोर मुकाट उभे राहत. लहानपणी त्यांच्यामागे फिरताना सुकेशनी याच गोष्टीला वैतागायची.

पहिल्या घरी भाकरी मिळाली. दुसऱ्या घरी वरण. तिसरं दार बंद होतं.

“पार्बताबाईचं घर,” ती कुजबुजली. “माझ्या यादीत होतं. तीनदा कडी वाजवली, मग शेजारी गेले. तिथली आजी नातवंडांत मजेत होती. चहासुद्धा पाजला मला.”

भंतेजी उभेच…

उन्हाचा चटका लागू लागला. सुकेशनीने घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं.

आत काठी टेकल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

दार उघडलं. पार्बताबाईच्या हातात अर्धी भाकरी होती, आणि तिला धाप लागली होती. भाकरी पात्रात ठेवून तिने सुकेशनीकडे निरखून पाहिलं.

“परवा कडी वाजवनारी तूच होती काय व? आली व बाय, आली, म्हनत होती मी… आयकू नाही आलं वाटते तुले.”

सुकेशनीने म्हातारीचा हात धरला आणि तिला उंबऱ्यावर बसवलं.

मग ती म्हणाली, “अशी एकवीस दारं होती, भंतेजी. उद्या अहवाल जाणार नाही.”

ते पुढच्या घराकडे वळले होते.

“पण तुम्ही तर कडीही वाजवत नाही. तुम्ही आलात, हे तिला कळतं कसं?”

“कळत नाही, बेटा. ती रोज दाराकडे निघालेलीच असते.”