इठूची मोटारपारख

तांबेवाडी म्हणून एक गाव. तिथं इठू नावाचा एक भोळा गडी होता. त्याला बैल कळत. दुसरं काही कळत नसे.

त्याच्या मामांना वडापसाठी, म्हणजे भाड्यानं माणसं न्यायला, मोटार घ्यायची होती. दलालानं दोन जुन्या मोटारी दारात आणून लावल्या. एक पांढरी, एक निळी.

दलाल म्हणाला, "पांढरीचं इंजिन मोठं, चढाला दमत नाही. निळी हलकी, थोड्या पेट्रोलात लांब जाते."

मामा इठूला म्हणाले, "दलालाचं ऐकायचं नाही. तू पारख. बरोबर निवडलीस तर तुला ड्रायव्हर करतो आणि सोनी देतो. चुकलास तर जन्मभर म्हशी राख."

सोनी म्हणजे मामांची लेक. इठूला ती फार आवडे. म्हशी आवडत नसत.

"आधी वय बघ," मामा म्हणाले.

"बरं मामा."

इठूनं दोन्ही मोटारींच्या पुढच्या जाळ्या बोटानं चाचपल्या.

"मामा, निळी म्हातारी. तिचे दोन दात पडलेत."

"अरे, मोटार म्हणजे बैल नव्हे! पेट्रोल किती पिते ते बघ."

"बरं मामा."

इठूनं दोन घमेल्यांत पेट्रोल ओतलं. दोघींच्या तोंडापुढं ठेवलं आणि दुपारपर्यंत शीळ घालत बसला. पांढरी उन्हात होती, निळी सावलीत.

"मामा, पांढरी खादाड. पिताना दिसतसुद्धा नाही."

"अरे, ते उन्हानं उडालं! मोटार म्हणजे बैल नव्हे! थांबते कशी ते बघ."

"बरं मामा."

दलालानं निळी चालू केली. इठू रस्त्यात उभा राहून म्हणाला, "हो, हो." निळी हातभर अंतरावर थांबली. पांढरी धोतराला टेकून थांबली.

"मामा, पांढरी मायाळू आहे."

मामांनी कपाळाला हात लावला.

"शेवटचं सांगतो. उद्या दोन्ही माळावर एकदम पळव. सगळ्यांत पुढं जाईल तिला हार घाल, कुंकू लाव, लिंबू-मिरच्या बांध आणि दारात आण. कळलं?"

"बरं मामा."

इठूनं विचार केला. दोघींना एकदम पळवायचं म्हणजे जू पाहिजे. सकाळी त्यानं दोन्ही मोटारींच्या मागं दोरानं जू बांधलं. नुसतं जू बरं दिसेना, म्हणून छकडा जोडला.

मामा आले. चष्मा घरी राहिला होता. बसायला उंच जागा दिसली, म्हणून ते छकड्यात चढले आणि तंबाखू मळू लागले.

पांढरीत दलाल, निळीत त्याचा भाऊ. इठू ओरडला, "हाऽऽ!"

मोटारी सुटल्या. वाटेत बाभळीचा खुंट होता. पांढरी डावीकडून गेली, निळी उजवीकडून. जू खुंटाला अडकलं. मोटारी थांबल्या. छकडा थांबला.

मामा थांबले नाहीत. ते दोघींच्या पुढं, शेणखताच्या ढिगात जाऊन बसले.

घरी सोनी दारात उभी होती. समोरून बाप आला. अंगभर शेण, गळ्यात हार, कपाळाला कुंकू, कमरेला लिंबू-मिरच्या. इठू मागून ढकलत होता. मामा "म्हशी! म्हशी!" एवढंच ओरडत होते.

"सोने, ओवाळायला ताट आण," इठू म्हणाला. "हीच निवडली. पेट्रोल लागत नाही, नुसत्या तंबाखूवर पळते. आवाज तेवढा फार करते."