साहेब कुणाच्या मागे बसले?

पोतनीस साहेब म्हणजे विमा कचेरीतलं बडं प्रस्थ. जन्मात बाइक चालवली नाही, तरी अक्कल सगळ्यांना शिकवणार. माझ्या ताईने बाइक चालवण्याचं खास प्रशिक्षण घेतलं आणि विम्याच्या हप्त्यात सवलत मागितली. नाहीतर हप्ता परवडत नाही म्हणून औषधं पोचवायची तिची बाइक घरीच उभी राहणार होती.

“शिकलेले बेफाम चालवतात. धोका त्यांचाच जास्त,” म्हणत साहेबांनी अर्ज ताईकडे परत सारला.

कचेरी सुटली, तर दारातच साहेबांची गाडी बंद पडली. कुंभार्ली घाट उतरून घरी जायचं होतं. ताई आणि मी आपापल्या बाइकवर त्याच वाटेने निघालोच होतो. माझ्या ढोपरावरची ताजी पट्टी बघून साहेब गुपचूप ताईच्या मागे बसले.

“अहो साहेब, उतरा! माझ्या मागे धोका जास्त. भावाच्या मागे बसा, तो काहीच शिकलेला नाही.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं आणि बसल्याबसल्याच ताईने पुढे केलेल्या अर्जावर सही ठोकली.