यजमानाची पंगत

चाळीस दिवसांच्या जलसफरीत बोटीवरची आहारतज्ज्ञ शलाका पाटकर विसाव्या दिवशीच हरली होती. साठीनिमित्त साठ नातलगांना घेऊन निघालेले धनावडेशेठ सहा किलोंनी वाढले होते. तिच्या आहारतक्त्याला ते बोटांचा पाक पुसत.

"एक घास कमी करणार नाही, पण वजन उतरलंच पाहिजे," बुफेपाशी शेठ गरजले. "नाहीतर पुढच्या बंदरावर तुला उतरवतो. कप्तान माझ्या शब्दाबाहेर नाही."

इतकं शिकून काय मिळवलं, या विचाराने शलाकाचे डोळे भरून आले. शेठ मात्र पाहुण्यांकडे वळले. "दाबून जेवा रे! यजमान मी आहे!"

शलाकाने डोळे पुसले. "शेठ, तुम्हीही दाबून जेवा. फक्त आपल्याकडे यजमान कधी जेवतो, ते काकूंना विचारा."

"पंगत उठल्यावर!" शेठच्या पत्नी ताडकन म्हणाल्या. "आणि आधी आग्रहाने वाढतो. अहो, घ्या ती पळी!"

साठ पाहुणे टाळ्या पिटत बसले. शेठना नाही म्हणता येईना. रोज दोन्ही वेळा साठ ताटं वाढून होईपर्यंत भूक मरे, आणि भांड्यांत उरे तो वरणभात.

शेवटच्या बंदरावर शेठचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. शलाकाची नोकरी वाचली. तिने सुटकेचा निःश्वास टाकून आपल्या केबिनचं दार उघडलं, तर बाहेर साठ पाहुणे रांगेत उभे होते, पट्टे सैल करून.